स्टिअरिंगचा भांगडा

सध्या आमच्या ऑफिसात जुन्या जिप्सीची साथ आलीये. आधी एकाने घेतली, मग दुसऱ्याने, आणि आता लंच अवरमध्ये म्युच्युअल फंड सोडून पाटे, बुश आणि बेअरिंगवर चर्चा झडतात. कारण सरळ आहे. मारुतीने १९८५ मध्ये आणलेली ही गाडी तुमच्या-आमच्यासाठी २०१९ च्या सुमारास बंद झाली, आणि शोरूममध्ये जे मिळत नाही तेच आपल्याला हवं असतं. शिवाय शनिवारी सकाळी पार्किंगमधून जिप्सी बाहेर काढताना सोसायटीतल्या नजरा! त्याची सर कुठल्या सेदानला येत नाही.

तर मंडळी, ज्यांनी घेतलीये आणि ज्यांची घ्यायची खाज अजून शमलेली नाही, त्या सगळ्यांसाठी आजचा विषय आहे वॉबल.

आता हे वॉबल म्हणजे साधी थरथर नव्हे. थरथरीचे प्रकार वेगळे. ठराविक स्पीडला स्टिअरिंग झिणझिण करतं आणि वेग वाढवला किंवा कमी केला की थांबतं, तर बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग गेलेलं असतं. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं, तर ब्रेककडे बघा. खरं वॉबल धक्क्याने सुरू होतं. गाडी ६०-७० ला मजेत चाललीये, पुलावरचा जॉइंट येतो, एक चाक आपटतं आणि पुढच्या क्षणी स्टिअरिंग तुमच्या हातात डावी-उजवीकडे धडाधडा आपटायला लागतं. अख्खं बॉनेट हलतं. डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा नाचायला लागतो. आणि मुख्य म्हणजे हे आपोआप थांबत नाही, वेग बराच खाली आला तरच थांबतं. अमेरिकेतल्या जीपवाल्यांनी याला ‘डेथ वॉबल’ म्हणायला सुरुवात केली. नाव फिल्मी आहे, पण एकदा अनुभव घेतलेला माणूस त्यावर हसत नाही.

(तुमच्यावर वेळ आलीच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग घट्ट पण अंगठे आत न अडकवता धरा, हळूहळू ब्रेक लावा आणि कडेला या. जोरात ब्रेक मारू नका, आणि स्टिअरिंगशी कुस्तीही नको.)

माझ्या एका मित्राच्या १९९८ च्या जिप्सीला हे झालं ते पुण्याच्या बायपासवर, वाकडहून बावधनकडे येताना. मागच्या सीटवर बायको आणि चार वर्षांची मुलगी. शेजारच्या लेनमध्ये कंटेनर. काही झालं नाही, गाडी कशीबशी कडेला आली. घरी आल्यावर वहिनींनी एकच वाक्य उच्चारलं, “ही गाडी नीट होईपर्यंत पिल्लू हिच्यात बसणार नाही.” मित्र म्हणाला, “करतो ना नीट.” त्यावर वहिनी, “नीट झाली हे कोण ठरवणार?”

बॉस, या प्रश्नात सगळं आलं. कारण वॉबल घालवणं आणि वॉबल झाकणं यात फरक आहे, आणि गॅरेजमधून गाडी बाहेर येते तेव्हा दोन्ही सारखंच दिसतं.

पहिल्या गॅरेजमध्ये (नाव कशाला?) पाच मिनिटांत निदान झालं, “साहब, डॅम्पर डाल दो.” स्टिअरिंग डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगच्या रॉडला आडवा जोडलेला छोटा शॉकॲब्सॉर्बर. रस्त्याचे झटके गिळणं हे त्याचं काम. नवा डॅम्पर बसला, गाडी लोण्यासारखी चालायला लागली, मित्राने मला मिसळ खिलवली. महिन्याभरात ताम्हिणीच्या वाटेवर, पौडच्या पुढे, तेच नाटक पुन्हा. डॅम्पर म्हणजे पेनकिलर आहे. दाढ किडलीये आणि तुम्ही गोळ्या खाताय. दुखणं थांबतं, कीड आत शिरत राहते.

आता जरा मेकॅनिक्स. घाबरू नका, सुपरमार्केटच्या ट्रॉलीएवढंच सोपं आहे. ट्रॉलीचं एखादं पुढचं चाक जोरात ढकललं की फडफडायला लागतं, बघितलंय ना? वेगाने वळवळणाऱ्या चाकाला सैल जागा मिळाली की ते स्वतःच स्वतःला झोका देत राहतं. जिप्सीत पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर आहेत आणि टाय रॉडने एकमेकांना जोडलेली आहेत. त्यामुळे डाव्या चाकाला बसलेली लाथ उजव्याला पोचते, उजवं ती परत करतं. सांधे घट्ट असतील तर हा खेळ एका फेरीत संपतो. सांध्यांमध्ये थोडी थोडी ढील असेल तर प्रत्येक फेरीला झोका वाढत जातो. जुन्या महिंद्रा जीपचं, एमएम ५४० वगैरेंचं, गणित हेच. जिम्नीलासुद्धा पुढे अखंड ॲक्सल आहे. थारच्या बहुतेक मॉडेल्समध्ये पुढची चाकं स्वतंत्र आहेत, त्यामुळे अशा थारवाल्यांनी हा कॉलम चवीपुरता वाचावा.

यात कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पंचवीस वर्षं चिखल, पाणी आणि खड्डे खाल्ल्यावर आपलेही गुडघे कुरकुरतातच.

डॅम्परनंतर मित्राने दुसरा टिपिकल मार्ग धरला, अलाइनमेंटचं चकाचक दुकान. एसी वेटिंग रूम, कॉफी मशिन, लेझर, कलर प्रिंटआउट. प्रिंटवर दोन आकडे लाल. पोरगा म्हणाला, “सर, कॅम्बर-कॅस्टर आउट आहे.” बरं मग कर ना ॲडजस्ट! तर ते होत नाही. अखंड ॲक्सलच्या गाडीत साध्या पान्याने बदलता येतो तो फक्त टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते. कॅस्टर म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखा. तो ॲक्सल पाट्यांवर कसा बसलाय त्यावर ठरतो. म्हणूनच उंची वाढवायला कुणी लिफ्ट किट किंवा लांब शॅकल टाकले असतील तर तो कोन बिघडू शकतो. मित्राच्या गाडीत तसलं काही नव्हतं. आणि मुळात सांधेच ढिले असतील तर अलाइनमेंटचे आकडे म्हणजे हलत्या मुलाचा पासपोर्ट फोटो.

शेवटी नाना पेठेत स्पेअर पार्ट शोधताना दुकानदाराने एका मिस्त्रीचा पत्ता दिला. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी गाडी चालवलीच नाही. आधी हवा तपासली, टायरवरून तळहात फिरवला. उजव्या टायरच्या आतल्या बाजूला फुगवटा होता. “हा टायर गेला साहेब. पण एवढ्यानं एवढं होत नाही.”

मग मित्राला आत बसवलं, इंजिन बंद. “स्टिअरिंग थोडं डावं, थोडं उजवं, हालवत ऱ्हावा. थांबू नका.” आणि स्वतः गाडीखाली. प्रत्येक सांध्यावर हात ठेवून ते बसले. डोळ्याला न दिसणारी ढील हाताला कळते म्हणे, आणि खरंच कळते, मी हात लावून पाहिलं. ड्रॅग लिंकचा एक बॉल जॉइंट टकटक करत होता. स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट घट्ट होते. पाट्यांचे यू-बोल्ट ठीक, एका बाजूचे बुश मात्र चिरलेले. ही तपासणी तुम्हीही करू शकता. एक मित्र, एक टॉर्च आणि पंधरा मिनिटं. खर्च फक्त चहाचा.

पण मामांचा चेहरा अजून समाधानी नव्हता. चाक जॅकवर घेतलं, खाली स्टँड लावला, आणि चाक वरून-खालून, घड्याळाच्या १२ आणि ६ वर, धरून हलवलं. खट. चाक किंचित कललं. “आता ब्रेक दाबा.” मित्राने ब्रेक दाबला. पुन्हा खट.

ही युक्ती मला प्रचंड आवडली. ब्रेक दाबल्यावर चाक आणि नकल, म्हणजे चाकाला वळवणारा सांधा, एकजीव होतात. खट बंद झालं असतं तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही खट राहिलं, म्हणजे ढील त्याच्या आत आहे, किंगपिनमध्ये. किंगपिन म्हणजे नकलला वर-खाली धरून ठेवणाऱ्या दोन खिळी, प्रत्येकीला एक टेपर बेअरिंग. अख्खं चाक वळतं ते यांच्यावर.

उघडल्यावर सगळं कळलं. नकलच्या पोकळ गोळ्यात जाड ग्रीस असायला हवं. तिथे काळपट, पातळ रस्सा होता, कारण ॲक्सलमधलं सील गेलं होतं आणि डिफरन्शियलचं ऑइल आत उतरत होतं. बाहेरचं सील कडक होऊन फाटलेलं. आणि बेअरिंगच्या वाटीवर बारीक बारीक खाचा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर त्याच त्या जागी वर्षानुवर्षं आपटत राहतात आणि तिथेच घर करतात.

दोन्ही बाजूंची किंगपिन बेअरिंग बदलली, सगळी सीलं बदलली. मग आलं नाजूक काम. किंगपिनखाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतात, शिम. एक शिम कमी केली की बेअरिंगवर दाब वाढतो, जास्त घातली की ढील येते. दाब बरोबर आहे का, हे मामांनी चक्क हुकाच्या स्प्रिंग काट्याने मोजलं. विमानाच्या प्रवासाआधी आपण बॅग तोलतो ना, त्याच जातीचा काटा. टाय रॉड सुटा करून नकलला हुक लावायचा, ओढायचं, आणि नकल हलायला किती जोर लागतो ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. हे करायला वेळ लागतो, म्हणून बरीच गॅरेजेस अंदाजाने बसवतात. तुम्ही शेजारी उभं राहून काटा मागा. फार तर मिस्त्री वैतागेल.

ड्रॅग लिंकचा जॉइंट नवा, बुश नवे, दोन टायर नवे, बॅलन्सिंग, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. हा क्रम महत्त्वाचा. दोन दिवस गेले आणि बिल डॅम्परच्या कैक पट आलं, हे लपवत नाही. स्टिअरिंग आधीपेक्षा किंचित जड लागायला लागलं. मित्र कुरकुरला. मामा म्हणाले, “आधीचं हलकं नव्हतं साहेब, ढिलं होतं.”

आणि वहिनींचा प्रश्न? त्याचं उत्तर मामांनीच दिलं. त्यांनी तो नवाकोरा डॅम्पर काढून सीटवर ठेवला. रविवारी पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, गाडीत ते एकटे. आधी ३०, मग ४०, ५०, असं करत प्रत्येक वेगाला मुद्दाम खडबडीत पट्ट्यावर चाक घातलं. डॅम्पर नसताना धक्के हाताला जास्त लागतात, पण निरोगी गाडी एकदा हलून सरळ व्हायला हवी. ६५ ला ती एकदा हलली आणि सरळ झाली. मग डॅम्पर परत बसवला. हा प्रयोग तुम्ही बायपासवर करू नका, प्लीज. असा माणूस सोबत असेल तर त्यालाच करू द्या.

वहिनी आधी स्वतः एकट्या चालवून आल्या, त्याच पुलाच्या जॉइंटवरून, दोनदा. त्यानंतरच्या शनिवारी पिल्लूची सीट मागे बसली.

जाता जाता, सेकंडहँड जिप्सी बघायला जाणाऱ्यांसाठी एक. विक्रेता तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावर ४० च्या स्पीडने फिरवून आणेल. तुम्ही आधी खाली वाकून बघा. चिखलाने माखलेल्या, गंजलेल्या चासीखाली एकटाच चकचकीत नवा डॅम्पर दिसला, तर भावाचं बोलणं जरा थांबवा आणि जॅक मागा.