जुन्या पिकअपची चाके

जुन्या मोटारी मांडल्या की लोक रोल्स-रॉइसभोवती गर्दी करतात. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात असे प्रदर्शन भरले होते. आम्हांस मात्र ओझे वाहून म्हाताऱ्या झालेल्या गाडीचे अगत्य अधिक. उदाहरणार्थ, १९४७ साली अमेरिकेत निघालेली शेव्हरले ३१००, अर्ध्या टनाची पिकअप. तिकडचे काही हौशी तिला वीस इंची चकचकीत चाके आणि पट्टीसारखे पातळ टायर चढवतात. नांगरटीला निघालेल्या माणसाच्या पायांत पंपशू घालावेत, तसे ते दिसते.

दिसण्याचे सोडा, प्रश्न जिवाचाही आहे. तिचे मूळचे टायर ६.००-१६ या मापाचे, म्हणजे सहा इंच रुंद, सोळा इंची चाकावर बसणारे, आणि सुमारे अठ्ठावीस इंच उंच. ही उंची सांभाळली तर स्पीडोमीटरचा काटा खरे बोलतो व गिअरची चाल बिघडत नाही. टायर फार रुंद घेतला, तर ते जुने स्टिअरिंग वळवताना खांदे भरून येतात आणि वळणावर टायर मडगार्डला घासू लागतो. चाक बाहेर काढले, तर बेअरिंगवर भार येतो. बोल्टांची गंमत वेगळीच. शेव्हरलेला सहा, फोर्डच्या एफ-१ ला पाच. दोहोंचे वर्तुळ साडेपाच इंचांचेच, तरी एकीचे चाक दुसरीस बसणार नाही!

मग सारे मुळाबरहुकूम ठेवावे काय? येथे शुद्धतावादी मंडळींशी आमचे पटत नाही. त्या काळचे टायर तिरप्या धाग्यांचे. रस्त्यातल्या चाकोरीत ते गाडीला ओढत नेतात. रेडियलचे पेटंट मिशेलीनने १९४६ सालीच घेतले होते, म्हणजे तो या गाडीहून वर्षाने वडीलच. त्याच उंचीचा, अरुंद, ओझे पेलणारा रेडियल खुशाल घालावा. मात्र आधी जुन्या रिमला तडे नाहीत ना, हे पाहावे. रिम रिव्हेट मारलेली असेल तर आत ट्यूब हवीच.

अस्सलपणाच्या नावाखाली तीस वर्षांपूर्वीचे टायर मिरवणे मात्र अक्षम्य होय. नक्षी शाबूत राहते, रबर आतून मरते. सन २००० पासूनच्या टायरच्या कुशीवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दुकानदाराचे गोड बोलणे ऐकण्याआधी ते वाचून घ्यावेत.