‘पार्ट येत नाही, नवीन घ्या’: मिक्सर बनवणाऱ्यांना अनावृत पत्र

महोदय,


आपला मिक्सर बिघडला म्हणून हे पत्र नाही. यंत्र आहे, बिघडायचंच. दुरुस्तीला नेल्यावर आपल्या सेवा केंद्रात जे ऐकून घ्यावं लागलं ते मनाला लागलं, म्हणून लिहिते आहे. ‘‘मॅडम, या मॉडेलचा पार्ट येत नाही आता. एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका.’’ खोक्यावर ठळक अक्षरांत मोटारीची ५ वर्षांची वॉरंटी छापलेली आहे. मोटार ठणठणीतच आहे! गेलाय तो वेग बदलणारा तळहाताएवढा बोर्ड, आणि त्याची वॉरंटी २ वर्षांत संपते. जे सहसा जात नाही त्याची हमी मोठ्या अक्षरांत आणि जे जातं त्याची बारीक अक्षरांत. एवढंही आम्हाला कळणार नाही, असं आपण धरून चाललात.

सध्या आमच्याकडचं वाटण सासूबाईंच्या सुमीत मिक्सरवर होतं. आपल्या माणसानं त्याचं नाव ऐकून ‘तो म्यूझियममध्ये द्या’ म्हटलं. आता त्या म्यूझियममधल्या वस्तूबद्दल थोडं ऐका. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समधले इंजिनिअर. त्यांच्या घरचा परदेशी मिक्सर भारतीय वाटण वाटता वाटता जळाला. भिजवलेली डाळ, ओलं खोबरं, सुकी हळद यांचा भार त्या मोटारीला पेलणारा नव्हता. तेव्हा तो भार पेलणारी मोटार माथुरांनी बनवली आणि १९६३ मध्ये मुंबईतून सुमीत बाजारात आला. स्वयंपाकघरातली अडचण आधी समजून घेतली, यंत्र मागाहून बनवलं.

त्या पिढीतल्या यंत्रांचं खरं शहाणपण त्यांच्या पोटात आहे. मोटारीला लागून कार्बनचे ब्रश असतात. ते झिजण्यासाठीच असतात. झिजले की ठिणग्या दिसतात, जळका वास येतो आणि कोपऱ्यावरचा कारागीर ते बदलून देतो. भांड्याखालचं कपलर मोटारीपेक्षा मुद्दाम कमकुवत ठेवलेलं असतं. पातं अडकलं तर दात त्याचे तुटावेत, मोटार वाचावी. भार जास्त झाला तर तळाचं लाल बटण उडतं. थोड्या वेळानं दाबलं की यंत्र पुन्हा सुरू. आधी काय तुटावं हे बनवणाऱ्यानं ठरवलेलं होतं, आणि जे तुटेल ते स्वस्त आणि सहज बदलता येणारं ठेवलं होतं. काही जुन्या रेडिओंच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत तर सर्किटचा नकाशाच चिकटवलेला असे.

आधी काय जावं हे आपणही ठरवलंत. फक्त जे जाणार, तेच मिळणार नाही अशी सोय केलीत. तळाला त्रिकोणी खाचेचे स्क्रू लावलेत. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कारागिरानं तेही उघडले, बोर्ड पाहिला आणि हात टेकले. त्याच्याकडे हुन्नर आहे, पण आपल्याकडून ना बोर्ड मिळतो, ना नकाशा.

आम्ही जुन्याला आठवणींपायी कवटाळून बसतो, असं आपले लोक म्हणतात. तसं नाही. जुना फ्रिज रात्रंदिवस वीज खातो, तो बदलावा हे मला पटतं आणि मी तो बदललाही. पण ६०० वॅटचा मिक्सर दिवसाला १० मिनिटं चालला तर युनिटचा दहावा भाग जळतो. तिथे वीज वाचवण्याची सबब सांगून यंत्र भंगारात काढायला लावू नका.

वस्तू लवकर निकामी करून नवीन घ्यायला लावायचं हे तंत्र आपण शोधून काढलंत असंही नाही. १९२४ मध्ये बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ केला, बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं आणि ज्या सभासदाचे बल्ब जास्त टिकत त्याला दंड लावला. शंभर वर्षं झाली. आता युरोपात वारं फिरलं आहे. मार्च २०२१ पासून तिथे फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग ७ ते १० वर्षं पुरवावे लागतात, आणि ते नेहमीच्या हत्यारांनी बदलता यावे लागतात. भारतात २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पण सक्ती नसेल तर पोर्टलनं मिक्सर फिरत नाही.

म्हणून सरकारची वाट न पाहता आपल्याकडेच मागते आहे. मॉडेल बंद केलंत तरी बोर्ड, कपलर, ब्रश आणि भांड्याची बुश १० वर्षं विकत मिळू द्या, फुकट नकोत. साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडतील असे स्क्रू लावा. सर्किटचा नकाशा माहितीपुस्तिकेत छापा. आणि वॉरंटी द्यायचीच तर बोर्डालाही द्या.

एवढं केलंत तर पुढचा मिक्सरही आपलाच घेईन. नाही केलंत तर सुमीत आहेच, आणि त्याचे ब्रश गल्लीत अजून मिळतात.

आपली,
एक दुखावलेली ग्राहक