छायेची भाषा

वैशाखाच्या दुपारीं अकोला-अमरावतीकडील जुन्या वाड्यांत झळा टाळण्यासाठीं दारें-खिडक्या लावून घेण्याची रीत आहे. अशा वेळीं एखाद्या फटींतून आलेला कवडसा माजघरांतील सुनेच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडतो. उरलेला अर्धा अंधारांत राहतो. ती नुसते तांदूळ निवडीत असते; पण पाहणाराला उगीच वाटतें, हिच्या मनांत कांहींतरी सलत आहे.

चित्रपटाच्या छायाचित्रकाराची सारी विद्या या ‘उगीच वाटण्यां’त आहे. समोरून भरपूर उजेड टाकला तर मुद्रा मोकळी दिसते. एकाच बाजूनें टाकला तर ती दुभंगते. दिवा खालीं, माणसाच्या जवळ ठेवला कीं भिंतीवरील सावली माणसाहून मोठी होते व भय वाटूं लागतें. मांडणीचेंही तसेंच. मोठ्या दालनाच्या कोपऱ्यांत लहानशी आकृति दाखविली तर ती एकाकी भासते; तीच खिडकीच्या गजांमागें उभी केली तर बंदिवान.

१९२० सालच्या ‘डॉक्टर कॅलिगरी’पासून जर्मन कलावंतांनीं ही भाषा घडविली. पुढें १९४० नंतरच्या अमेरिकन गुन्हेगारी चित्रपटांत ती बहरली व १९४६ सालीं नीनो फ्रँक या टीकाकारानें त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असें नांव दिलें. परंतु त्यापूर्वी नऊ वर्षें, १९३७ सालीं, पुण्याच्या ‘प्रभात’नें ‘कुंकू’ काढला होता. दिग्दर्शक शांतारामबापू १९३३ सालीं जर्मनीस जाऊन आले होते, छायाचित्रण व्ही. अवधूत यांचें होतें. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून रचलेल्या या चित्रपटांत पार्श्वसंगीत नाहीं. जे ध्वनि येतात ते घरांतले व रस्त्यावरचे. त्यामुळें मनःस्थिति सांगण्याचा मोठा भार प्रकाशावर व मांडणीवर पडला.

अमेरिकन चित्रपटांतला अंधार गल्लीबोळांत, लुच्च्यालफंग्यांच्या अड्ड्यावर असतो. तो पाहून घरीं येऊन कडी लावली कीं आपण सुटलों. ‘कुंकू’ ही सुटका देत नाहीं. तेथील अंधार एका प्रतिष्ठित वकिलाच्या घरांत आहे. फसवून वृद्धाच्या गळ्यांत बांधलेली नीरा (शांता आपटे) त्या घरांत राहते, पण हें लग्न मानीत नाहीं. केशवराव दात्यांचे काकासाहेब कोणी राक्षस नव्हेत. अखेर आपला अन्याय त्यांना उमजतो व ते प्राण देतात. अन्याय करावयास दुष्टच माणूस लागतो असें नाहीं, हेंच या चित्रपटाचें खरें दुःख.

कर्त्या मंडळींनीं हा चित्रपट लेकीसुनांसह पाहावा. पाहतांना संवादांकडे थोडें दुर्लक्ष करून, उजेडांत कोण बसलें आहे आणि दाराआड कोण उभें आहे, एवढेंच न्याहाळावें. ती संवय डोळ्यांना जडली म्हणजे मग आपल्या घरांतही कोण कोठें उभें असतें, हें दिसूं लागेल.