शहाळे, ताक आणि एक सरकारी फर्मान

ठाण्यात उपवन तलावाच्या काठाने येऊरच्या चढाकडे पहाटे जी माणसांची रीघ लागते, किंवा कल्याणला दुर्गाडीच्या बाजूस आणि डोंबिवलीच्या मैदानांवर उजाडण्यापूर्वीच जी मंडळी घाम गाळीत असतात, त्यांच्या निग्रहाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु व्यायाम आटोपताच त्यांतील कित्येकजण जी रंगीत बाटली श्रद्धेने तोंडास लावतात, तिच्याविषयी तो वाटत नाही.

आमच्या या खाडीकाठच्या मुलुखाची हवा मोठी दगलबाज आहे. नागपूरचा पारा येथे चढत नाही हे खरे, तथापि हवेतच मुळी इतका ओलावा भरलेला असतो की अंगावरचा घाम उडून जात नाही, आणि घाम उडाल्यावाचून देह निवत नसल्यामुळे तो बिचारा आणखी घाम गाळीत राहतो. ठाणे महानगरपालिकेच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये धावणारा गडी बाहेरून चिंब भिजलेला असला, तरी आतून कोरडा पडू शकतो तो याच कारणाने. या घामावाटे पाण्याच्या जोडीने मुख्यतः मीठ खर्ची पडते: लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमपर्यंत सोडियम, ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे.

शहाळ्याचे पाणी मधुर आणि पोटॅशियमने समृद्ध असते, परंतु जे मीठ आपण गमावले ते त्यात बेताचेच. तळावपाळीच्या दोन फेऱ्यांनंतर ते अवश्य प्यावे. मलंगगड चढून-उतरून आलेल्याने मात्र त्याबरोबर काही खारट खावे. उलट लिंबाचे सरबत, कोकम, ताक यांत चिमूटभर मीठ घालण्याचा आपल्या घरांतला जो जुना दस्तूर आहे, तो शरीरशास्त्राच्या कसोटीस पुरेपूर उतरतो. दुधाची गोष्ट आणखी मौजेची आहे: 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात निरनिराळी पेये तपासली गेली, तेव्हा साध्या पाण्यापेक्षा दूध देहात अधिक काळ टिकते असे आढळले.

लहान आतड्यात ग्लुकोज सोडियमला आत नेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते, या तत्त्वावर क्षारसंजीवनी, म्हणजेच ‘ओआरएस’, उभी आहे. 1971 साली बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रात लिटरभर पाण्यास 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ इतकेच प्रमाण आहे. असे असता, याहून कितीतरी पट साखर घातलेली सरबते ‘ओआरएस’ या प्रतिष्ठित नावाखाली दुकानांतून राजरोस विकली जात होती. अखेर 14 ऑक्टोबर 2025 रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या सूत्रात न बसणाऱ्या पेयास ते नाव लावण्यास मनाई करणारे फर्मान काढले. उशिरा का होईना, ठीक झाले. खेळाडूंची म्हणून जी पेये मिरवतात, त्यांचा आद्य नमुना 1965 साली फ्लोरिडातील विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंसाठी, म्हणजे कडक उन्हात दीर्घकाळ झुंजणाऱ्यांसाठी निघाला होता. पाऊण तास चालून पोहे खाणाऱ्यास पाणी पुरते.

दोन-दोन तास धावणाऱ्याने आधी व नंतर वजन करावे. किलोभर घट म्हणजे अदमासे लिटरभर घाम, आणि त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढील काही तासांत प्यावे. मात्र वजन वाढलेले दिसले, तर पिणे थांबवावे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये पेयाच्या अतिरेकाने रक्तातील सोडियम उतरून एका धावणारीचा मृत्यू झाला. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यांनी अर्थात मिठाचा विचार वैद्याच्या सल्ल्यानेच करावा.

डोंबिवलीकरांची अडचण वेगळीच. व्यायाम आणि जलद लोकल यांच्यामधील अवधी इतका तोकडा, की ते लिटरभर पाणी उभ्याउभ्या घटाघटा रिचवतात. मिठाची जोड नसलेले हे पाणी मूत्रपिंडे फार काळ ठेवून घेत नाहीत, आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसते. तेव्हा मीठ घातलेले ताक घरी कपडे करता करता घोटाघोटाने प्यावे, आणि उरलेली तहान कचेरीत पोहोचल्यावर भागवावी.