पडदा आमच्याच माथी का?

घरात उजेडही हवा आणि लाजही झाकली पाहिजे, मग खिडकीचं करायचं काय, असा प्रश्न रविवारच्या पुरवणीला पडतो. उत्तरही तीच देते. खिडकीच्या खालच्या अर्ध्याला पडदा लावा, वरचा अर्धा मोकळा ठेवा. नाहीतर खाली दुधी काच बसवा, वर साधी. नजर समोरून येते, उजेड वरून येतो.

खोटं नाही हे. ज्यांच्या खिडकीला आभाळ आहे त्यांच्यासाठी अगदी खरं आहे. पण हे लिहिणाऱ्यांनी एकदा झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर येऊन बसावं. आमच्या खिडकीच्या वरच्या अर्ध्यातही समोरची भिंतच आहे. मान बाहेर काढून वर बघितलं तर आभाळाची एक पट्टी दिसते. अर्धा पडदा लावून उजेड येत नाही, सगळा काढला तर लाज राहत नाही. मग पडदा ओढायचा, सकाळी अकराला ट्यूब पेटवायची आणि महिन्याला बिल भरायचं.

मी गिरणीत रात्रपाळी करणारा. दिवसा झोपायला मला अंधार चालतो. पण आई तांदूळ निवडते ती ट्यूबखाली. बहीण कपडे बदलते ती मोरीत दार लावून. समोरच्या घरातला माणूस वाईट नाही. त्याची बायकोपण आमच्यामुळंच पडदा ओढून बसलीय. तरी भांडण आमच्यातच. 'तुमची खिडकी लावा', 'तुमचा पोरगा इकडं बघतो.' एखादीनं वाऱ्यासाठी पडदा सारला तर आपलीच माणसं म्हणतात, बाईला लाज नाही. बाप्ये खाली नाक्यावर जाऊन उन्हाला उभे राहतात, अंधार सोसायचा तो बायांनी. आणि ज्यानं या दोन भिंती एवढ्या जवळ उभ्या केल्या त्याला कोण विचारत नाही.

दोस्तहो, हे अडाणीपणातून झालेलं नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. या ट्रस्टच्या ऑर नावाच्या साहेबानं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मांडला. खिडकीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ ओढली तर ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये. आपल्या भाषेत सांगायचं तर समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी जागा मधे मोकळी हवी. इंग्रज काही आपला सोयरा नव्हता. याच ट्रस्टनं गरिबांच्या वस्त्या पाडल्या आणि माणसं हुसकली. पण हिशेब तेव्हाच मांडून झाला होता, हे ध्यानात ठेवा.

आता तो हिशेब गोवंडीला नेऊन लावा. नटवर पारेख कंपाउंडात सात-आठ मजली इमारती, मधे अंतर जेमतेम ३ मीटर. आठ मजले म्हणजे साधारण २४ मीटर उंची. नियमानं १२ मीटर मोकळे पाहिजेत. नऊ मीटर कोणी खाल्ले? त्या भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा डॉक्टरांनी अभ्यास केला, २०१८ साली त्याच्या बातम्या छापून आल्या. इमारती चिकटून आहेत तिथं क्षय जास्त, जरा अंतर आहे तिथं कमी. क्षयाचे जंतू उन्हात मरतात, कोंदट अंधारात टिकतात, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पडदा ओढला की उजेडाबरोबर वाराही गेला. म्हणजे लाज राखायची तर खोकला घ्यायचा. असला सौदा मलबार हिलवर कोणाला करावा लागतो का?

मालकांना उजेडाची अक्कल नव्हती असं तर कोणी बोलूच नये. जुन्या गिरण्यांची छपरं आठवा. करवतीच्या दातांसारखी, आणि दाताच्या उभ्या बाजूला उत्तरेकडं काचा. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा, डोळ्यावर तिरीप नाही. का? तर तुटलेला धागा दिसला पाहिजे. सुतासाठी आभाळाकडं काचा लावल्या आणि सूत काढणाऱ्याला कोंदट खोलीत कोंबलं. माझ्या आज्यानं त्या काचांखाली जन्म काढला आणि खोलीवर आल्यावर चिमणी पेटवली.

यात जात कुठं आली, असं कोणीतरी विचारणारच. तर ऐका. पेशवाईत महार-मांगांना दुपारी ३ नंतर सकाळी ९ पर्यंत पुण्याच्या वेशीत शिरायला बंदी होती, अशी नोंद आहे. कारण त्या वेळी सावली लांब पडते, ती बामणावर पडली तर विटाळ. आमच्या बापजाद्यांची हातभर सावली तुम्हाला खपली नाही. आज त्याच प्लॉटवर विक्रीचा टॉवर चढतो, त्याला बाग, त्याला मोकळं मैदान, त्याला भिंतभर काच. आणि त्याची तीस मजली सावली दिवसभर आमच्या तव्यावर पडते. ती विटाळत नाही. बुद्धानं आम्हाला स्वतःचा दिवा व्हायला सांगितलं. सूर्य बिल्डरच्या नावावर करून द्या असं काही सांगितलं नव्हतं.

आपले पुढारी चौरस फूट मोजतात. २२५ चे २६९ झाले, २६९ चे ३०० झाले, दरवेळी हारतुरे आणि फ्लेक्स. त्या तीनशे फुटांत ऊन किती येतं, हे एकानंही स्टेजवरून सांगितलेलं मी ऐकलं नाही. आपणही विचारलं नाही. घर फुकट मिळतंय, गप बसा, असं आपल्याला शिकवलं. फुकट कसलं? जमीन आपण अडवून धरली होती, गटारावर राहून पोरं वाढवली होती. त्या जमिनीवरच त्यांचा टॉवर उभा आहे.

म्हणून जिथं जिथं संमतीपत्रं फिरतायत तिथल्या बायाबापड्यांना सांगणं आहे. सही करायच्या आधी नकाशा मागा. खोली किती फुटांची हे विचारून थांबू नका. दोन इमारतींमधे अंतर किती आणि समोरची उंच किती, हे विचारा. निम्मं भरतंय का बघा. भरत नसेल तर अंगठा देऊ नका, आणि बैठकीत बायांना पुढं बसवा, कारण अंधारात त्यांना राहायचंय. अंतर मिळालं तर पडदा कुठला आणि काच कुठली ते आमचं आम्ही बघून घेऊ. तेवढी हौस आम्हालाही आहे.