पाच वेळा देशात पहिला आलेला डेम्पो क्लब एका वर्षात गायब कसा झाला?

आयएसएल बघणाऱ्या पोरांना गोव्याची टीम विचारा, उत्तर येतं एफसी गोवा. पण त्याच गोव्यात एक क्लब असा आहे, ज्याने पाच वेळा देशाची लीग जिंकली. या क्लबने २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं आणि बघता बघता लोक त्याला विसरले.

क्लबचं नाव डेम्पो स्पोर्ट्स क्लब. गाव पणजी.

२०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या होती साधारण ४० हजार. म्हणजे आपल्या नाशिकमधल्या एखाद-दोन प्रभागांएवढी. एवढ्याशा शहराच्या क्लबने कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालला घाम फोडला होता. मग असं काय झालं की सगळं जिंकलेल्या क्लबला मैदान सोडावं लागलं?

खाणीच्या पैशातून उभा राहिलेला फुटबॉल

गोव्यात फुटबॉल पोर्तुगीजांच्या काळात रुजला, पण मोठे क्लब उभे राहिले ते खाण उद्योगाच्या जोरावर. वास्कोत साळगावकरांचा क्लब १९५६ मध्ये सुरू झाला. १९६० च्या दशकाच्या शेवटी डेम्पोही मैदानात उतरला. डेम्पो म्हणजे लोहखनिजाच्या व्यवसायातलं मोठं घराणं. 'नवप्रभा' हे मराठी दैनिकही याच घराण्याचं.

खाणमालकांना क्लबमधून काय मिळायचं? तिकिटाचे पैसे तर नावापुरतेच. पण क्लबमुळे गावोगावी नाव व्हायचं, मान मिळायचा. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर क्लब हा धंदा नव्हता, तो घराण्याचा खर्च होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा आहे.

सलग सहा वर्षं ट्रॉफी गोव्यातच

डेम्पोने २००४-०५ आणि २००६-०७ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. त्यानंतर आय-लीग सुरू झाली. पहिल्या सहा मोसमांचे विजेते बघा : डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, डेम्पो, साळगावकर, डेम्पो, चर्चिल ब्रदर्स. सहाच्या सहा वेळा ट्रॉफी देशातल्या सगळ्यात छोट्या राज्याकडे.

डेम्पोचे कोच होते अर्मांडो कोलासो. टीममध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा असे गोव्याच्या मातीतले खेळाडू आणि पुढे गोल करायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. २००८ मध्ये ही टीम एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत गेली. मे २०११ मध्ये तर त्यांनी एअर इंडियाला १४-० ने हरवलं. त्यातले सहा गोल एकट्या रँटीचे होते.

मग माशी कुठे शिंकली?

सोपं उत्तर असं दिलं जातं की खाणी बंद पडल्या आणि क्लबही बंद पडले. गोव्यात सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबलं हे खरं. त्याचा फटका सगळ्या राज्याला बसला. पण डेम्पोच्या बाबतीत हे उत्तर पुरत नाही. डेम्पोंनी आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवा कंपनीला १,७५० कोटी रुपयांना विकला होता. त्यानंतरही क्लबने दोनदा आय-लीग जिंकली.

खरा घाव बसला तो लीगच्या रचनेत.

२०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्ससोबत १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये आयएसएल आली. फ्रँचायझी, सेलिब्रिटी मालक, प्राइम टाइमला मॅच. गोव्याच्या वाट्याला आली एफसी गोवा. गंमत म्हणजे तिच्या सुरुवातीच्या मालकांमध्ये श्रीनिवास डेम्पो आणि दत्तराज साळगावकर हे दोघेही होते, सोबत व्हिडिओकॉनचे धूत. म्हणजे ज्या घराण्यांनी जुने क्लब चालवले, तीच घराणी नव्या दुकानातही भागीदार होती.

इकडे डेम्पोची घसरण सुरू झाली होती. २०१४-१५ च्या मोसमात ते आय-लीगमधून खाली गेले. पण पुढच्याच मोसमात सेकंड डिव्हिजन जिंकून त्यांनी परत वर यायचा हक्क कमावला.

नेमकं त्याच वेळी, मे २०१६ मध्ये महासंघाने नवा आराखडा मांडला. आयएसएल ही देशाची मुख्य लीग होणार, आय-लीग तिच्या खाली जाणार आणि खालून वर जायला वाट नसणार. म्हणजे आय-लीग जिंका नाहीतर शेवटचे या, पुढच्या वर्षी तुम्ही तिथेच. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांनी माघार घेतली. कमावलेली जागा सोडून डेम्पोही बाहेर पडला.

याची दुसरी बाजू

सगळा दोष आयएसएलच्या माथी मारणंही बरोबर नाही. डेम्पोच्या मॅच बहुतेकदा मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर व्हायच्या आणि ट्रॉफ्या जिंकत असतानाही तिथले स्टँड बऱ्याचदा रिकामे दिसायचे. तेच फातोर्डा एफसी गोवाने भरून दाखवलं. क्लब एकाच घराण्याच्या खिशावर चालत असेल, तर त्या घराण्याचा विचार बदलला की क्लब संपतो.

हे फक्त गोव्यात घडलं नाही. महिंद्रा म्हटलं की नाशिककरांना सातपूरचा कारखाना आठवतो. त्याच कंपनीचा मुंबईतला महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने टीम बंद केली. विषय संपला.

फ्रान्समध्ये असंच एक गाव आहे

ओसेर. लोकसंख्या साधारण ३५ हजार, म्हणजे पणजीपेक्षा कमीच. इथला क्लब १९०५ मध्ये एका पाद्र्याने सुरू केला. गी रू नावाचा माणूस १९६१ मध्ये कोच झाला आणि मधले थोडे खंड सोडले तर २००५ पर्यंत त्याच खुर्चीत राहिला. त्याने पैसा ओतला तो अकादमीत. एरिक कँटोना याच अकादमीतून आला. १९८० मध्ये क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये पोहोचला आणि १९९६ मध्ये त्याने फ्रान्सची लीग आणि कप दोन्ही जिंकले.

पडझड ओसेरचीही झाली. २०१२ मध्ये ते खाली गेले आणि वर यायला २०२२ उजाडलं. २०२३ मध्ये पुन्हा खाली, २०२४ मध्ये पुन्हा वर. फरक एवढाच की तिथे शिडी जागेवर होती. दहा वर्षं खाली राहिलेल्या क्लबलाही माहीत होतं, जिंकलो तर वर जाऊ. डेम्पो जिंकला तेव्हा शिडीच काढून घेतली जात होती.

आता डेम्पो काय करतोय?

राष्ट्रीय लीग सोडली तरी डेम्पोने क्लबला कुलूप लावलं नाही. गोव्याची स्थानिक लीग आणि जुन्या गोव्याजवळच्या एला इथली अकादमी चालू ठेवली. २०२२-२३ च्या मोसमापासून आय-लीग विजेत्याला आयएसएलचं दार उघडलं. २०२३-२४ मध्ये डेम्पो आय-लीग २ मध्ये दुसरा आला आणि नऊ वर्षांनी आय-लीगमध्ये परतला. ऑक्टोबर २०२५ च्या सुपर कपमध्ये एकही परदेशी खेळाडू न घेता त्यांनी ईस्ट बंगालला २-२ आणि मोहन बागानला ०-० असं रोखलं.

त्याच वर्षी आयएसएलची अवस्था काय होती? २०१० चा तो १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. पुढचं ठरेना म्हणून जुलैमध्येच नवा मोसम थांबवावा लागला. जुने क्लब बाजूला सारून उभी केलेली लीगही शेवटी एका करारावरच उभी होती.

घराण्याची मर्जी असो की कंपनीचा करार, एकाच खांबावरचं छप्पर कधीतरी हलतंच. डेम्पो परत येऊ शकला कारण वाईट दिवसांतही त्याची अकादमी चालू राहिली आणि वर जायची वाट पुन्हा उघडली. कोल्हापूरच्या तालमींपासून गोव्यातल्या गावांपर्यंत खेळणारी पोरं भरपूर आहेत. त्यांच्या क्लबला वर जायची शिडी कायम राहणार का, हे महासंघाने एकदाचं ठरवायला हवं.