मंजुरीचा शिक्का आणि गरोदर स्त्रीचा प्रश्न

सन २०२१ च्या एप्रिलमध्ये वसमत तालुक्यात हळदीचा हंगाम सरत आला असताना करोनाची दुसरी लाट खेडोपाडी पोचली. हळद वेचणीला जाणाऱ्या मजूर स्त्रियांत गरोदर स्त्रियाही असतात. पोटात मूल असताना उन्हात राबणे ही हौस नव्हे, त्या दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही म्हणून. या स्त्रीला त्या काळात सरकारचे सांगणे एवढेच होते, की तुला लस नाही. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, तरी गरोदर स्त्री दाराबाहेरच राहिली. स्त्रीरोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटना आणि सरकारचाच तज्ज्ञ सल्लागार गट अनुकूल असतानाही परवानगी आली २ जुलैला, लाट ओसरल्यानंतर. मेमध्ये ‘तुला चालत नाही’ म्हणणाऱ्या आशाताईलाच जुलैत ‘आता घेऊन टाक’ असे सांगावे लागले.

काल नाकारलेली लस आज निर्धोक कशी झाली, असे त्या स्त्रीने विचारले तर तिला अडाणी ठरवण्याची घाई शहरी सुशिक्षित वर्गाला फार होते. वस्तुतः हा प्रश्न अत्यंत तर्कशुद्ध आहे. जो अंधश्रद्धेचा नव्हे तर पुराव्याचा आग्रह धरतो, त्याने तो विचारायलाच हवा. दुसरीकडे, लसीने वांझपण येते, हा सारा कंपन्यांचा कट आहे, अशी आवई उठवणारे आहेत. या मंडळींशी समाजवाद्यांचे काहीही नाते असू शकत नाही. भांडवलशाहीवर राग आहे म्हणून रोगजंतूंशी तह करता येत नाही.

रोगाने काय केले, ते आकडे सांगतात. मुंबईत गरोदर व बाळंत स्त्रियांच्या नोंदींवरून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासात पहिल्या लाटेतील मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्के, तर दुसऱ्या लाटेतील ५.७ टक्के आढळले. लस घेतलेल्या गरोदर स्त्रियांना तिने गंभीर आजारापासून संरक्षण दिले आणि गर्भाला अपाय केल्याचे दिसले नाही, हे नंतर देशोदेशींच्या निरीक्षणांनी दाखवून दिले. म्हणजे ज्या सावधगिरीच्या नावाखाली दार बंद ठेवले, तिची किंमत माता मोजत होत्या.

मग विश्वास का डळमळला? लसीमुळे नव्हे, मंजुरीच्या रीतीमुळे. कोव्हॅक्सिनला आणीबाणीची मर्यादित परवानगी ३ जानेवारी २०२१ रोजी मिळाली, तिच्या तिसऱ्या टप्प्याचे अंतिम निष्कर्ष कंपनीने ३ जुलैला जाहीर केले. शिक्का आधी, पुरावा सहा महिन्यांनी! गरोदर स्त्रियांना चाचण्यांतून वगळले होतेच. त्यांच्याविषयी जी मोठी निरीक्षणे तेव्हा हाती होती, ती मुख्यतः अमेरिकेतील फायझर व मॉडर्ना लसींची, आणि त्या लसी वसमतच्या केंद्रावर कधी आल्याच नाहीत. हे सारे खुलेपणाने सांगून, तरीही रोगाचा धोका मोठा आहे असे पटवता आले असते. पण जनतेला समजावण्यापेक्षा तिला हाकणे शासनाला सोपे वाटते.

गरोदर स्त्रीला वगळण्याची ही सवय थॅलिडोमाइडच्या भीतीतून बळावली. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेल्या त्या औषधाने जगभर दहा हजारांवर मुले व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावे अपुरे आहेत म्हणून कंपनीला परवानगी दिली नाही. त्यातून घ्यायचा धडा हा होता, की पुरावा मागा. व्यवस्थेने सोयीचा धडा घेतला, की गरोदर बाईचा अभ्यासच नको.

आपल्याकडेही कागद मागणारे झाले आहेत. गर्भ आहे की नाही हे पाहण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या जबर मात्रेच्या औषधांवर १९८२ साली बंदीचा हुकूम निघाला. कंपन्यांनी न्यायालयातून स्थगिती मिळवली, स्त्री संघटना व आरोग्य कार्यकर्ते हटले नाहीत, १९८७ मध्ये जाहीर सुनावण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी बंदी आली. औषध नियंत्रकांचा कारभार त्यानंतरही सुधारला नाही. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात एकतीस नवी औषधे भारतीय रुग्णांवर चाचणी न होताच मंजूर झाली, असे संसदीय समितीने २०१२ साली नमूद केले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तर तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेतलेल्यांना रेशन व पेट्रोल नाकारण्याचा फतवा निघाला. भुकेल्याच्या शिधापत्रिकेला सुई टोचून आरोग्य साधते काय? २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी घाईने दिली गेली हा आक्षेप फेटाळला, पण कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, चाचण्यांची माहिती व दुष्परिणामांचे अहवाल जनतेपुढे ठेवावेत, असेही बजावले. पहिला अर्धा निकाल सरकारने मिरवला. दुसरा अर्धा आपल्याही किती कार्यकर्त्यांनी वाचला?

हे डॉक्टरांचे काम आहे म्हणून अंग काढून घेणाऱ्यांनी धनुर्वाताच्या इंजेक्शनाकडे पाहावे. खेड्यातील गरोदर स्त्री ते बिनतक्रार घेते, कारण बाळंतपणानंतर दगावणारी मुले वाचलेली तिच्या सासूने डोळ्यांनी पाहिली. नव्या लसीला पिढीभराची ती सवड मिळत नाही. तिथे कागदच बोलायला हवेत, आणि तेही मराठीत. लसीनंतरच्या दुष्परिणामांची छाननी करणाऱ्या जिल्हा समितीचे निष्कर्ष, नावे वगळून, ग्रामसभेत वाचले जावेत, ही मागणी घेऊन वसमतच्या कार्यकर्त्यांनी हिंगोलीच्या जिल्हा परिषदेवर जावे, आणि सोबत हळदीच्या रानातल्या बायांना घेऊन जावे.